बॅकअपसाठी कपॅसिटर किती फॅरडचा? आधी उजनीचा मृतसाठा आठवा

सोलापुरात छतावरचं सोलर आता नवलाईचं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, आणि ऊन तर आपल्याकडे मागाल तेवढं. पण पॅनल बसवल्यावर पहिल्यांदा भर दुपारी लाईट जाते तेव्हा घरमालक चक्रावतो. वर पॅनल तापतंय, खाली पंखा बंद! ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर ग्रिडची वीज गेली की स्वतःहून थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरच्या विजेचा शॉक बसू नये, म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो.

मग साठवणुकीची शोधाशोध सुरू होते आणि मोबाईलवर जाहिरात हजर होते: ‘बॅटरी विसरा, सुपरकपॅसिटर घ्या. दहा लाख वेळा चार्ज करा, वीस वर्षं बघायला नको.’

यात खोटं सगळंच नाही, आणि घोळ नेमका तिथेच होतो. कपॅसिटर काही कामांत बॅटरीला सहज मागे टाकतो. फक्त ती कामं सेकंदांची असतात, तासांची नव्हेत. आपलं काम कुठल्या खात्यात बसतं हे शाळेतल्या गणिताने काढता येतं.

कंडेन्सर तोच, पण काम वेगळं

पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘कंडेन्सर गेलाय’. तो कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर. समोरासमोर दोन पत्रे, मध्ये वीज न वाहू देणारा पातळ थर. पत्र्यांवर विद्युतभार जमा होतो आणि वाट मिळाली की बाहेर पडतो. बॅटरीत रासायनिक क्रिया होते, इथे साध्या कपॅसिटरमध्ये ती होत नाही. त्यामुळे भरायला वेळ लागत नाही, रिकामा व्हायला लागत नाही आणि झीजही फार कमी.

त्याची क्षमता फॅरडमध्ये मोजतात. एक अँपिअर करंट एक सेकंद सोडल्यावर ज्याचं व्होल्टेज एक व्होल्टने चढतं, तो एक फॅरडचा. पंख्यातला असतो २.५ ‘एमएफडी’चा, म्हणजे फॅरडच्या दहा लाखाव्या भागाच्या अडीचपट. मेन लाइनच्या शिखर व्होल्टेजला त्यात मावणारी ऊर्जा ०.१३ ज्यूल. एक ज्यूल म्हणजे एक वॉटचं उपकरण एक सेकंद चालवणारी ऊर्जा. यावरून पंख्याच्या कंडेन्सरची ऐपत कळावी.

यंत्रमाग कारखान्यात मीटरजवळ जी कपॅसिटर बँक असते, तिच्याबद्दलही हा प्रश्न येतो: ‘एवढी मोठी बँक आहेच की, लाईट गेल्यावर ती का चालवत नाही?’ ती बँक पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी खऱ्या कामाला लागणारा हिस्सा, सुधारण्यासाठी असते. आपल्या एसी विजेवर ती सेकंदाला शंभरदा भरते आणि शंभरदा रिकामी होते. लाईट गेल्यावर तिच्यात कामाला येईल असं काही उरत नाही.

साठवणुकीसाठी जो वापरतात तो सुपरकपॅसिटर. यात पत्र्याच्या जागी सच्छिद्र कोळसा असतो. एका ग्रॅम कोळशाच्या छिद्रांचा एकूण पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर भरतो. म्हणून अंगठ्याएवढ्या सेलमध्ये २५ फॅरड आणि शीतपेयाच्या कॅनपेक्षा थोड्या मोठ्या सेलमध्ये ३,००० फॅरड मावतात. किंमत एका ठिकाणी मोजावी लागते: एका सेलला साधारण २.७ व्होल्टच सोसतात. त्यापुढे आतला द्रव फुटू लागतो, म्हणजे त्याचं विघटन होतं.

साठा आणि वापरता येणारा साठा

चार-पाच दिवसांआड पाणी भरायची सवय असलेल्या सोलापूरकराला टाकीचा हिशेब शिकवावा लागत नाही. टाकीच्या तळाचं क्षेत्रफळ म्हणजे फॅरड आणि पाण्याची पातळी म्हणजे व्होल्ट, एवढं धरून चला.

आता उजनी पाहा. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी. पैकी जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा आणि साडेत्रेपन्न उपयुक्त साठा. धरणात पाणी दिसतं, पण बातमी येते ‘उजनी उणे’. पातळी विशिष्ट उंचीखाली गेली की पाणी नेहमीच्या दारांतून बाहेर पडत नाही.

कपॅसिटरलाही असा मृतसाठा असतो. बॅटरीचं व्होल्टेज ती संपत येईपर्यंत बऱ्यापैकी टिकून असतं. कपॅसिटरचं मात्र पहिल्या क्षणापासून उतरू लागतं. तुमचं उपकरण २४ व्होल्टवर चालतं आणि १८ च्या खाली बंद पडतं, तर १८ व्होल्टच्या खालची सगळी ऊर्जा त्याच्या दृष्टीने मृत. म्हणून नुसता फॅरडचा आकडा सांगून काही कळत नाही. कुठून कुठपर्यंत उतरू देणार, तेही सांगावं लागतं.

एका बाबतीत मात्र कपॅसिटर उजनीपेक्षा बरा. वरच्या पाण्याला जास्त उंचीवरून पडण्याचा जोर असतो. तसंच कपॅसिटरमधल्या वरच्या व्होल्टांत जास्त ऊर्जा असते. हिशेब असा:

ऊर्जा (ज्यूल) = निम्मे × फॅरड × व्होल्टचा वर्ग

वर्ग असल्यामुळे व्होल्टेज निम्म्यावर आलं तेव्हा तीन चतुर्थांश ऊर्जा वापरून झालेली असते, मृतसाठा उरतो फक्त पाव. जे उपकरण निम्म्या व्होल्टेजपर्यंत तग धरतं, त्याला कपॅसिटर लहान पुरतो. जे दोन-चार व्होल्ट कमी झाले की रुसतं, त्याला कितीतरी मोठा लागतो. कपॅसिटर निवडण्याआधी उपकरणाची ही खालची मर्यादा शोधा. अनेकदा दुप्पट फॅरड विकत घेण्यापेक्षा जास्त खालपर्यंत चालणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर, म्हणजे उतरतं व्होल्टेज घेऊन उपकरणाला ठरलेलं व्होल्टेज देणारं सर्किट, घेणं स्वस्त पडतं.

एक हिशेब शेवटपर्यंत

अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना धरू. इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड, म्हणजे डिझाइन विणणारी यंत्रणा, असलेला माग चालू आहे आणि लाईट नुसती लुकलुकली. मागाची मोटर बंद पडणारच, तिला कपॅसिटरवर चालवायचा विचारही नको. पण नियंत्रण करणारा बोर्ड मध्येच मेला, तर डिझाइन कुठे थांबलं याची नोंद राहत नाही आणि पुन्हा सुरू करताना टॉवेलवर आडवा पट्टा पडतो. आपल्याला हवेत फक्त तीन सेकंद. बोर्डने आपली जागा लिहून ठेवावी आणि शहाण्यासारखं बंद व्हावं.

समजा बोर्डला ४० वॉट लागतात. मध्ये कन्व्हर्टर आहे, तो १८ व्होल्टपर्यंत चालतो आणि त्यात दहा टक्के वाया जातात. म्हणजे कपॅसिटरमधून ४४ वॉटच्या थोडं वर ओढले जाणार. तीन सेकंदांचे झाले १३३ ज्यूल.

२४ चा वर्ग ५७६, १८ चा वर्ग ३२४. वजाबाकी २५२, निम्मे १२६. म्हणजे दर फॅरडमागे १२६ ज्यूल वापरता येतात. १३३ भागिले १२६, उत्तर १.०६ फॅरड.

इथे बरेच जण वही मिटतात. खरं काम इथून सुरू होतं.

पहिली गोष्ट, सेल २.७ व्होल्टचा आणि आपल्याला हवेत २४. नऊ सेल काठावर बसतात, म्हणून दहा एकामागोमाग जोडू, प्रत्येकावर २.४ व्होल्ट. अशा जोडणीत तोच भार सगळ्या सेलमधून जातो आणि व्होल्टेज दहापट होतं, म्हणजे दर व्होल्टमागचा भार दहावा हिस्सा. टाकीची उपमा इथे चालत नाही, ती बाजूला ठेवू. व्यवहारात एवढंच: १.०६ फॅरडच्या बँकेसाठी प्रत्येक सेल १०.६ फॅरडचा लागतो.

दुसरी गोष्ट आतला रोध. कागदपत्रांत याला ‘ईएसआर’ म्हणतात. करंट वाहू लागला की काही व्होल्ट सेलच्या आतच खर्च होतात. शेवटच्या क्षणी ४४ वॉट, १८ व्होल्ट, म्हणजे करंट अडीच अँपिअर. एका सेलचा रोध २५ मिलिओहम धरला तर दहांचा पाव ओहम, आणि व्होल्टेज सहा दशांशांनी खाली. सेल म्हातारे झाल्यावर रोध दुप्पट होतो असं धरून चालतात, म्हणजे सव्वा व्होल्ट गेले. आता बँक १८ पर्यंत नाही, १९.२ पर्यंतच वापरता येणार. दर फॅरडमागे १२६ च्या जागी १०३ ज्यूल, आणि लागणारी क्षमता १.२९ फॅरड.

तिसरी गोष्ट वय. सुपरकपॅसिटर बॅटरीसारखा अचानक बसत नाही, हळूहळू आटतो. क्षमता ३० टक्के घटली की त्याचं आयुष्य संपलं असं बहुतेक उत्पादक मानतात. तेव्हाही तीन सेकंद हवे असतील तर १.२९ भागिले ०.७, म्हणजे १.८४ फॅरड. प्रत्येक सेल १८.४ चा.

बाजारात १५ चा मिळतो, तो बाद. २२ चा मिळतो. पण त्याच्यावर ‘उणे-अधिक २० टक्के’ लिहिलेलं असलं तर तो १७.६ चाही निघू शकतो, म्हणजे तोही बाद. २५ चा मात्र वीस टक्के कमी भरला तरी २० चा राहतो. घ्यायचा तो २५ फॅरडचा.

पहिल्या उत्तरात दर सेलला साडेदहा फॅरड पुरत होते, शेवटी २५ आले. कुणी ‘अडीचपट कशाला घेता, दुकानदाराने बनवलं’ म्हणालं तर त्याला वरचे तीन परिच्छेद वाचायला द्या.

सेल एकसारखे नसतात, त्यामुळे आणखी एक खबरदारी लागते. ज्याची क्षमता कमी, त्याच्यावर व्होल्टेज जास्त चढतं आणि तोच आधी मरतो. म्हणून प्रत्येक सेलवर व्होल्टेज समान ठेवणारा बॅलन्सिंग बोर्ड हवा. तयार मोड्यूलमध्ये तो असतो. सुटे सेल डाग देऊन जोडणारे नेमका तोच वाचवायला बघतात.

‘मग याच हिशेबाने घराचीही बँक बनवू की’

बनवून पाहू. दोन पंखे, दिवे, टीव्ही, राउटर मिळून २०० वॉट. दोन तासांचे ४०० वॉट-तास, ज्यूलमध्ये १४ लाख ४० हजार. इन्व्हर्टरमधला तोटा धरला की १७ लाखांच्या आसपास.

३,००० फॅरडचा एक मोठा सेल पूर्ण भरल्यावर जवळपास ११ हजार ज्यूल धरतो, म्हणजे तीन वॉट-तास. निम्म्या व्होल्टेजपर्यंत वापरला तर हाती येतात ८,२००. भागाकार करा, दोनशेच्या वर सेल लागतात. एकाचं वजन सुमारे अर्धा किलो. शंभर किलोंचा ऐवज झाला, आणि दर सेलची किंमत हजारांत असते. याउलट घराघरांत असलेली १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तासांची असते आणि शंभर किलोंच्या बरीच आत भरते.

खिशातला मोबाईल घ्या. ५,००० एमएएचची त्याची बॅटरी १९ वॉट-तास धरते. तसले सहा मोठे सेल मिळूनही तेवढी ऊर्जा धरत नाहीत.

म्हणून तासांच्या बॅकअपसाठी बॅटरीच. मला यात दुमत दिसत नाही. कपॅसिटरची जागा जिथे थोड्या वेळात पुष्कळ शक्ती लागते किंवा दिवसातून शेकडो वेळा भरणं-रिकामं करणं होतं, तिथे. ग्रिड गेल्यावर पवनचक्कीची पाती वाऱ्यापासून वळवणारी यंत्रणा बऱ्याच ठिकाणी सुपरकपॅसिटरवर चालते. सर्व्हरमधल्या चांगल्या एसएसडीत, म्हणजे माहिती साठवणाऱ्या चिप-डिस्कमध्ये, लिहिणं पूर्ण होईपर्यंत वीज पुरवणारे कपॅसिटर असतात. काही स्मार्ट मीटरमध्येही एक छोटा सेल बसवतात; वीज गेल्यावर ‘इथली गेली’ एवढा संदेश पाठवण्यापुरता.

घरातही त्याला काम आहे. इन्व्हर्टर चालू होतो त्या निमिषात राउटर रीस्टार्ट होतो, हा त्रास ओळखीचा आहे. १२ वॉटचा राउटर २० मिलिसेकंद सांभाळायचा तर पाव ज्यूलही लागत नाही. १२ वरून १० व्होल्टपर्यंत उतरू दिलं तर ११,००० एमएफडी पुरतात, आणि पुढचं १५,००० चं माप घेतलं तर वय आणि चूकभूल झाकली जाते. हा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आहे, किमान २५ व्होल्टचा बघून घ्या. अधिक-उण्याची खूण मात्र नीट पाहून जोडा, उलटा जोडला की तो फुगून फुटतो.

‘पण तो पॅक खरंच पाच किलोवॉट-तासांचा आहे, लिहिलंय तसं’

मग वजन विचारा. साधा सुपरकपॅसिटर किलोमागे पाच ते आठ वॉट-तास धरतो; लिथियम मिसळलेले संकरित प्रकार त्याहून बरेच वर जातात. लेड-ॲसिड बॅटरी तीस-चाळीस, लिथियम पॅक शंभरच्या आसपास किंवा पुढे. समजा जाहिरातीतला पॅक पाच किलोवॉट-तासांचा आणि साठ किलोंचा आहे. किलोमागे ८३ वॉट-तास झाले. शुद्ध सुपरकपॅसिटरचा असता तर सात-आठशे किलो भरला असता. आत काय असेल ते ओळखायला पेटी फोडायची गरज नाही.

दुसरी खूण व्होल्टेजची. कपॅसिटर उतरतो तो सरळ रेषेत. पॅक ५४ ते ४२ व्होल्टच्या दरम्यानच चालतो असं लिहिलं असेल, तर कपॅसिटरच्या हिशेबाने त्यातली ६० टक्के ऊर्जा आतच पडून राहणार. आणि लोड लावल्यावर व्होल्टेज बराच वेळ एका जागी ठाण मांडून बसत असेल, तर ती बॅटरी आहे. लिथियम बॅटरी वाईट नसतेच, चांगला पॅक असेल तर खुशाल घ्या, पण बॅटरीच्या भावाने आणि बॅटरीच्या वॉरंटीने.

सोलापूरचा उन्हाळा आणि दहा लाख चार्ज

दहा लाख वेळा चार्ज होतो हे बहुतांशी खरं आहे. पण बॅकअपचा कपॅसिटर वारंवार भरत-रिकामा होत नाही, तो महिनोन्‌महिने पूर्ण भरून उभा असतो. तिथे त्याला मारतात उष्णता आणि व्होल्टेज.

ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, आणि सेलवरचं व्होल्टेज ०.२ ने कमी केलं की साधारण दुप्पट. एखाद्या सेलच्या कागदावर ‘६५ अंशांना १,५०० तास’ लिहिलं असेल, तर ४५ अंशांना ते ६,००० तास होतात. आकडा मोठा वाटतो, पण तो २५० दिवसांचा आहे! मे महिन्यात बाहेर ४३-४४ अंश असतात. पत्र्याच्या शेडमध्ये, त्यातही बंद पॅनलच्या पेटीत, याहून जास्तच. अर्थात वर्षभर एवढं ऊन नसतं आणि २५० दिवसांनी सेल मरतो असंही नाही, क्षमता घटते. तरी ‘वीस वर्षं’ हा आकडा पंचवीस अंशांच्या खोलीतला समजावा.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. दहाऐवजी बारा सेल घाला. प्रत्येकावर दोनच व्होल्ट राहतात आणि नियमाप्रमाणे आयुष्य साधारण चौपट होतं. मात्र बारा जोडल्यावर एकूण क्षमता आणखी विभागली जाते. वरचा हिशेब पुन्हा केलात तर २५ फॅरडचे कमी पडतात, ५० चे घ्यावे लागतात. आमच्याकडच्या उन्हाला मी तरी हाच मार्ग सुचवेन. आणि पेटी मोटरपासून, पत्र्यापासून लांब, भिंतीच्या खालच्या भागात लावा.

लाईट लागोपाठ गेली तर?

वळवाच्या पावसात लाईट एकदा जाऊन थांबत नाही, पाच मिनिटांत चारदा जाते-येते. रिकामा कपॅसिटर चार्जरला जवळपास शॉर्ट सर्किटसारखाच दिसतो, म्हणून करंटवर मर्यादा घालणारा चार्जर लागतो. नाहीतर सकाळी पहिल्यांदा स्विच टाकताच सप्लाय बंद पडेल. आपल्या दहा सेलच्या बँकेला एक अँपिअरने शून्यापासून भरायला मिनिट लागतं. १८ वरून पुन्हा २४ वर यायला १५ सेकंद. त्याच्या आत लाईट परत गेली तर पूर्ण तीन सेकंद मिळतीलच असं नाही. तो धोका नको असेल तर दोन अँपिअरचा चार्जर घ्या, वेळ निम्मी. उलट दिशेने वीज सप्लायकडे जाऊ नये म्हणून मध्ये डायोडही हवा.

बँकेवर काम करताना अंगठी, कडं काढून ठेवा. २४ व्होल्टचा शॉक सहसा बसत नाही, पण २५ फॅरडचा एकटा सेल शॉर्ट झाला तर क्षणभर शंभर अँपिअर देतो, आणि धातू लाल व्हायला तेवढे पुरतात. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून रिकामा करण्याची सवय इथे नको. रेझिस्टर लावून उतरवा आणि मल्टिमीटरवर शून्य बघा.

बदलायचा कधी?

बॅटरीचं पाणी बघतात तसं इथे बघायला काही नसतं. एप्रिलमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आधी, माग थांबवून मेन बंद करा आणि मल्टिमीटर बँकेला लावून २४ वरून १८ पर्यंत उतरायला किती वेळ लागतो तो मोबाईलवर मोजा. नेहमीच्या ४० वॉटच्या लोडवर दहा सेलची नवी बँक सहा सेकंदांच्या थोडं वर धरते. पहिल्याच दिवशी हा आकडा पेटीच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा. दरवर्षी त्याखाली नवा लिहा. चार सेकंदांवर आला की दहाही सेल एकदम बदला. जुन्यांत दोन नवे घातले की व्होल्टेजची वाटणी बिघडते आणि उरलेले जुने आणखी लवकर जातात.